पिशोऱ्याचे दहा दिवस

कान कापायचा इचार मामाचा व्हता. हे पयलंच सांगून ठेवते, कारण पुढं घरात कुणालाबी इचारलं की जो तो म्हणायचा, "गोदीनं नीट धरलं नाय, म्हून झालं सगळं." धरलं व्हतं मी नीट. माझ्याएवढं नीट दुसऱ्या कुणी धरलं नसतं. पण कापणाऱ्यालाच अक्कल नसंल तर धरणाऱ्यानं किती धरावं?

तव्हा आमी शहराच्या दिल्ली दरवाजाच्या भायेर, हर्सूलच्या रस्त्याला एका पेरूच्या बागंत ऱ्हायचो. बाग दुसऱ्याची, राखण आमची. निजामाचं राज्य घालवणारं पोलीस ॲक्शन होऊन गेलं व्हतं, लोकं आपापल्या जागी परत बसत व्हते, आमाला गावी, पिशोरला, परत बसायला जागा नव्हती म्हून दादानं, म्हंजी माझ्या बापानं, ही बाग धरली. मधी इहीर, इहिरीवर मोट, बांधाला सीताफळी, आन् कोपऱ्यात आमचं दोन खणाचं घर. मोटंचं चाक दिवस उगवायच्या आदीपासून कुरकुरायचं. माय भाकरी थापता थापता त्या कुरकुरीवर कान ठेवून असायची. चाक थांबलं की तिचा हात थांबायचा. मला राकेलचा रिकामा डबा दिलेला, तो बडवीत बागंतून हिंडायचं आन् राघू उडवायचे. सगळा दिवस डबा बडवायचा आन् संध्याकाळी कान बधीर. कुणी हाक मारली तर ऐकू यायची नाय, मंग माय म्हणायची, पोरगी माजली.

त्या साली पेरू चांगला धरला व्हता. राघू दिवसा, कोल्हं रातचं, आन् वानरं त्यांच्या मर्जीनं. दादा एकदा नुसतं म्हणला, "एखादं कुत्रं पायजे." माझा बाप बोलायचाच कमी. पण ते नेमकं किसनमामाच्या कानावर गेलं. मामा म्हंजी मायचा धाकला भाऊ, पिशोरला ऱ्हायचा, आन् दर दोन महिन्यानं काहीतरी काम काढून आमच्याकडं यायचा. काम एका दिवसाचं, मुक्काम पाच दिवसाचा. पुढच्या बारीला आला तर धोतराच्या सोग्यात काहीतरी वळवळतंय.

"आक्का, तुझ्यासाठी आणलंय," मामा म्हणला आन् सोगा सोडला. पिलू भुईवर पडलं, उभं ऱ्हायलं, आन् पयलं मायच्या जवारीच्या सुपाजवळ जाऊन मुतलं.

माय म्हणली, "लोकाचे भाऊ लुगडं आणतेत."

"लुगडं फाटतंय आक्का. हे बारा वर्सं टिकतंय. धनगराच्या कुत्रीचं हाय, बाजारात दोघं तिघं मागत व्हते, मी म्हणलं नाय, हे आमच्या आक्काचं."

पिलू बदामी रंगाचं, मोठाल्या लोंबत्या कानाचं. पोट नगाऱ्यासारखं आन् पाय काडीसारखे. मी त्याला उचललं. तीच माझी चूक. माय म्हणली, "लावलास ना हात? मंग तुझं. त्याचं खाणं, त्याची घाण, सगळं तू बगायचं. माझ्या चुलीपशी दिसलं तर मामासकट भायेर काढीन." नाव काय ठेवायचं म्हून कुणी बसून इचार केला नाय. पिशोरचं म्हून पिशोऱ्या. माय म्हणायची, "पिशोरचा एक इथं येऊन खातोयच, हा दुसरा."

आता माझ्या नातीनं कुत्र्याचं पिलू आणलंय. ते यायच्या आदी त्याची वही आली. कोणत्या महिन्यात कोणती सुई, कव्हा जंताचं औषध, कव्हा वजन, सगळं छापील. ती मला वाचून दाखवती आन् मी गप ऐकते. आमच्या पिशोऱ्याला वही कुठली. त्याच्या पोटात जंत हायेत हे मला ते शेवयावानी भायेर पडले तव्हा कळालं. म्या मायला दाखवलं तर ती म्हणली, "जेवताना काय दाखवतीस?" त्याच्या कानात गोचिडी इतक्या की दाणे भरल्यागत लागायच्या. बसून एकेक काढायची, दगडावर ठेवायची, ठेचायची. तिकडं राघू पेरू खायचे, दादा हाक मारायचा, मी डबा घेऊन पळायची, परत येऊन बघते तर पिशोऱ्यानं दादाच्या वहाणंचा अंगठा खाल्लेला. दुसऱ्या वहाणंचा. पयल्याचा आदल्या दिवशीच खाल्ला व्हता. शिव्या कुणाला? मला.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी मामा न्याहारी करून दगडावर इळा घासायला बसला. मी म्हणलं, "मामा, गवत कापायचं का?"

"गवत नाय. कान कापायचा. असे लोंबते कान ठेवले तर कुत्रं मऊ पडतंय. आमच्याकडं कान कापतेत आन् तोच तुकडा भाकरीत घालून त्यालाच चारतेत. मंग बग कसं तिखट होतंय. वाघाला भेत नाय."

हे मामाच्या मनातलं नव्हतं, खरंच करायचे लोकं तसं. धनगरवाड्यातली कुत्री मी पाहिलेली, कान बुडापासून गायब. दादाला इचारलं तर दादा मोटंवरून म्हणला, "त्याला कळतं त्यातलं." माय म्हणली, "माझ्या सारवलेल्या ओट्यावर रगत नको." बस, घरात एवढीच चर्चा झाली. मी धरायला बसले. मांडीवर डोकं घेतलं, एका हातानं डोळे झाकले. त्याला वाटलं मी खेळतीय. माझा तळवा चाटला त्यानं.

मामानं कान ताणला आन् इळा ओढला. एका झटक्यात होतं म्हणला व्हता, झालं नाय. अर्धा कान तुटला, अर्धा लोंबला, मंग दुसरा झटका. पिशोऱ्या असा काही ओरडला की मोटंचे बैल थांबले. तो उलटा फिरला, मामाचा अंगठा धरला, सोडला, आन् माझ्या डाव्या मनगटात दात रोवले. मंग सुटून सीताफळीत पळाला.

मामा कोकलत व्हता म्हून सगळे मामाकडं पळाले. माझ्या मनगटावर दोन दात लागले व्हते, बारीक, रगताचे दोन थेंब. मी बांगड्या खाली ओढल्या. काचंच्या हिरव्या बांगड्या, त्याखाली झाकलं गेलं. का झाकलं ते तव्हा कळालं नाय. माय आदीच लाल झाली व्हती, मामा काठी हुडकत व्हता, "मारतोच त्याला," म्हणत व्हता, आन् मला वाटलं, दोघांना चावलं म्हणलं तर दोन काठ्या निघतील. कानाचा तुकडा कावळ्यानं नेला. मामाला अंगठ्यापेक्षा त्याचं जास्ती लागलं. "आता ते तिखट व्हायचं नाय," तो म्हणला. अंगठ्यातून रगत गळतंय आन् हे म्हणतोय.

शेजारची बाग बागवानांची. तिथली चाँदबी खाला ओरडा ऐकून बांधावर आली. तिनं मामाचा हात पाह्यला आन् कपाळाला हात लावला. "अरे किसन, पिल्ला काट्या तो भी काट्याच ना! दवाखाने कू जाव, अब्बी के अब्बी." मामा म्हणला, पिशोरला एक बाबा हाय, गुळातून औषध देतो, उतरून जातं. तव्हा खाला बांधावरच बसली आन् तिनं सांगितलं. तिच्या भावाला कुत्रं चावलं व्हतं. त्यानंबी असंच गुळातलं औषध खाल्लं, जखम सुकली, तो कामाला लागला. मंग एक दिवस पाण्याचा कटोरा पाहून थरथर कापायला लागला. "तीन दिन में गया," खाला म्हणली. "पानी पानी करताय और पानी कू डरताय."

मी तिथंच उभी व्हते. बांगड्यांखाली ठणकत व्हतं.

मामाला दवाखान्याचा रस्ता माहीत नव्हता आन् दादाची मोट चालू, म्हून मला धाडलं. निघताना मामा दादाला ओरडून सांगून गेला, "दाजी, आमी येईस्तोवर त्याला हुडकून मारून टाका!" दादानं मान हालवली. दिल्ली दरवाजातून आमी आत शिरलो, मी पुढं, मामा मागं. मोठ्या दवाखान्यात लई गर्दी. एक बाई आतून पोट धरून आली आन् भिंतीला टेकून खाली बसली. मी इचारलं, काय झालं. ती म्हणली, "नववी झाली. अजून पाच."

डाक्टर पुण्याकडचा व्हता. बोलणं एकदम सुद्द. त्यानं अंगठा साबणानं धुतला, लई वेळ धुतला, नळाखाली धरून, आन् धुता धुताच म्हणला, "कुत्रं चावलं की आधी हे करायचं. साबण आणि पाणी. हळद नाही, चुना नाही, तंबाखू नाही." मामानं तिन्ही लावून आणलं व्हतं. मंग डाक्टर म्हणला, "कुत्रं कुठं आहे?"

"मेलं असंल साहेब आतापर्यंत," मामा म्हणला, एकदम खुशीत. "मारायला सांगून आलोय."

डाक्टरनं हातातला टावेल खाली टाकला. "अहो, तुम्हाला कुणी सांगितलं मारायला? ते कुत्रं दहा दिवस जिवंत आणि धड राहिलं, तर त्याला पिसाळी नव्हती, तुम्हाला सुया नकोत. ते मेलं, हरवलं, मारलं, तर मी काय समजू? चौदा सुया. पोटात. रोज एक."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. डाक्टर माझ्याकडं बघून म्हणला, "आणखी कुणाला चावलं?"

"नाय नाय," मामा म्हणला. "मलाच."

मी हात पाठीमागं घेतले. डाक्टरनं परत इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढं लई वर्सं स्वताला सांगत आले. पण खरं ते नाय. भिंतीला टेकलेली ती बाई मला दिसत व्हती. आता कुण्या पोरीनं असं लपवलं तर मी तिच्या कानाखाली काढीन. जीव जातो अशानं. पण तव्हा मी बारा तेरा वर्सांची आन् माझ्या डोक्यात एकच, कुत्रं धड ऱ्हायलं की मामा सुटला, मामा सुटला की मीबी सुटले, कुणाला काही सांगायचीच गरज नाय. आन् कुत्रं मेलं तर? तर मी बोलणार व्हते का? खरं सांगते, मला माहीत नाय.

येताना मामा पळत आला. दरवाजापासून बागंपर्यंत एवढा जाड माणूस धोतर धरून पळतोय, मी मागून. बागंत शिरताशिरताच ओरडला, "दाजी! मारलं का?" दादा मोटंवर. बैल मागं सरकवता सरकवता म्हणला, "नाय."

"का नाय?"

"मोट सोडून कुत्रं मारू का?"

मामानं तिथं वाफ्यात बसून हात जोडले. कुणाला ते कळालं नाय. बहुतेक बैलांना.

मंग ते दहा दिवस सुरू झाले. मामा म्हणला, मी काही इथून हालत नाय, कुत्रं डोळ्यासमोर पायजे. बाज त्यानं पेरूखाली टाकली, समोर खुंटीला पिशोऱ्या बांधला, आन् दोघं एकमेकाकडं बघत बसले. भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ. मायनं सारवलेल्या भिंतीवर. माय म्हणली, "किस्न्या, पोटात सुया घे बाबा, पण माझी भिंत सोड." तिचं खरं दुखणं वेगळं व्हतं. बसून ऱ्हाणारा भाऊ दोन येळंला जेवायचा, चारदा चहा मागायचा, अंबाडीची भाजी केली की तोंड वाकडं करायचा. आन् आमच्या शेळीचं दूध, जे दादाच्या चहापुरतं निघायचं, ते मामा सगळं नेऊन पिशोऱ्याम्होरं ठेवायचा. "पी रं राजा, पी." ज्याला तीन दिवसामागं काठी घेऊन हुडकत व्हता त्याला आता राजा. मी मागून बजावून बजावून सांगायची, मामा, त्याला एवढं दूध नको, त्याचं पोट बिघडलंय. मामा म्हणायचा, तुला काय कळतंय. मंग त्याचं पोट वाहायचं आन् ते कुणी काढायचं? मामा काढायचा नाय. त्याला वास सहन व्हायचा नाय.

चौथ्या दिवशी पिशोऱ्या डोकं एकसारखं झटकायला लागला. कापलेल्या कानावर मामानं राख दाबली व्हती, त्या राखंची खपली झाली, खपलीखाली माश्या बसल्या. मी खपली उचलली तर आत अळ्या. पांढऱ्या, वळवळत्या. मामानं पाह्यलं आन् बाजंवर आडवा झाला. "गेलं," म्हणला, "गेलं हे. चौदा सुया." खाला बांधावरून सीताफळीचा पाला ओरबाडून घेऊन आली, पाट्यावर वाटला, डोळ्यात जाऊ नये म्हून फडक्यानं पिशोऱ्याचे डोळे बांधले आन् तो लगदा कानात भरला. म्हणली, "कीडे मरेंगे, पर इसकू सलोत्री कने ले जा. जखम अच्छी नै."

सलोत्री म्हंजी गुरांचा डाक्टर. निजामाच्या टायमापासून सगळे त्याला तेच म्हणायचे. मी पाटीत पालापाचोळा घातला, वर पिशोऱ्या, त्यावर फडकं, आन् पाटी डोक्यावर घेऊन निघाले. मामा मागून, दहा पावलं लांब. रस्त्यात बाया इचारायच्या, "पेरू कसे दिले गं?" आन् फडक्याखालून पेरू भुंकायचा. सलोत्री साहेब म्हातारा, पांढरी दाढी, टेबलाम्होरं म्हशी, बैल, शेळ्यांची रांग. त्यात माझं एवढंसं पिलू. हसले लोकं. तो हसला नाय. चिमट्यानं एकेक अळी काढली, मेलेली, जिती, सगळी. मंग इचारलं, "कान किन्ने काट्या?"

मी मामाकडं पाह्यलं. मामा एका म्हशीकडं बघत व्हता.

"काटनेवाले का कान काटना," सलोत्री म्हणला. "कुत्रे कू तेज नै बनाते, बहरा बनाते तुम लोगां." मंग तो माझ्याशीच बोलला, मामाशी नाय. जखम रोज मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची. राख नको. जंताची पुडी दिली. दूध पाणी घालून, ते बी थोडं, भाकरी भिजवून. पाणी रोज ताजं, भांडं रोज घासून. शिजलेलं हाड तर बिलकुल नको. "तीन महिने का हुआ तो लाव, सुई टोचूंगा. फिर किसी कू डर नै." माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं कव्हा, की हे तू करायचं आन् तू करशील. मी सगळं बोटावर मोजून घरी आले. घरी येऊन मायकडं मीठ मागितलं तर ती म्हणली, "कुत्र्याला मीठ? उद्या त्याला लोणचं घालशील."

तरी कान सुकत गेला. जंत पडून गेले, पोट उतरलं, सहाव्या दिवशी पिशोऱ्या माझ्या डब्याच्या आवाजामागं खुंटीभोवती उड्या मारायला लागला. मामाला हुरूप आला. इतका की सातव्या दिवशी तो शहरात गेला, नानखलिया, म्हंजी मटनाचा रस्सा आन् नान, खाऊन आला, आन् राजासाठी खलियातली हाडं नानमधी बांधून आणली. मी बागंच्या त्या टोकाला राघू उडवत व्हते. आल्यावर पाह्यलं तर पिशोऱ्या ओठ चाटतोय आन् मामाच्या मिशीला तर्री. म्हणलं, "मामा, हाडं दिलीस का?" "एकच," मामा म्हणला. "दोन. लहान व्हते."

आठव्या दिवशी सकाळी पिशोऱ्याच्या तोंडातून लाळ गळत व्हती. तार लागलेली, भुईपर्यंत. खालचा जबडा लोंबता. मी पाण्याचं भांडं पुढं केलं. तो पुढं आला, तोंड पाण्याला लावलं, आन् किंचाळून मागं पळाला. दोरी ताणेस्तोवर.

मामा बाजंवरून उठलाच नाय. मंग रडायला लागला, मोठ्यानं, माणसं मयताला रडतेत तसा. "आक्का, माझी पोरं बग गं आक्का." माय चुलीपासून उठून आली, तिच्या हातात भाकरीचं पीठ तसंच. पयल्यांदा मी मायला घाबरलेलं पाह्यलं. चाक थांबलं. दादा आला, कुत्र्याकडं पाह्यलं. कोपऱ्यातली काठी त्यानं उचलली.

माझं काय झालं ते सांगते. मी काही रडले नाय. मी माठापशी गेले, तांब्यात पाणी घेतलं आन् त्यात पाह्यलं, मला भ्या वाटतंय का. वाटत व्हतं. पण ते पाण्याचं व्हतं का दुसरं कशाचं, ते कळंना. मी पाणी प्याले. गिळता आलं. परत प्याले. तांब्याभर प्याले. मंग येऊन दादाच्या आडवी उभी ऱ्हायले आन् म्हणले, "सलोत्रीकडं नेते."

"चावंल," दादा म्हणला.

"नाय चावणार. तोंड मिटतच नाय त्याचं."

दादानं काठी खाली ठेवली. धान्याचं पोतं आणलं, लांबूनच पिशोऱ्यावर टाकलं, गुंडाळून पाटीत ठेवलं, वरून बांधलं. लाळंला हात लावू नको म्हणला. माझ्यासोबत यायला मामा उठला नाय. दादा आला, मोट सोडून. उभ्या जन्मात मी त्याला दिवसाढवळ्या मोट सोडताना तेवढंच पाह्यलं.

सलोत्रीनं सगळ्यांना लांब केलं. हातावर चामड्याचे मोजे चढवले, पिशोऱ्याच्या दोन्ही जबड्यात दोरीचे फास घातले, हाताखालच्या माणसाला ते ताणायला लावले आन् आत पाह्यलं. लई वेळ पाह्यलं. दादा शेजारी उभा, त्याचा श्वास मला ऐकू येत व्हता. मंग सलोत्रीनं लांब चिमटा आत घातला, हिसका दिला, आन् चिमट्यात काहीतरी धरून उजेडात आणलं. बोटाएवढं हाड. वरच्या दाढांमधी आडवं बसलेलं, टाळूला टेकून. फास सोडला तसा पिशोऱ्यानं जबडा दोनदा उघडला, मिटला, आन् शेजारच्या म्हशीच्या घमेल्यातलं पाणी लपालपा प्याला. संपेस्तोवर प्याला.

"पिसाळ नै," सलोत्री म्हणला. "मैं बोला था ना, हड्डी नक्को? किन्ने खिलाया?"

दादानं आयुष्यात पयल्यांदा मेव्हण्याबद्दल मत सांगितलं. ते मी इथं सांगत नाय, नात लिहून घेती.

दादा पाटी धुवायला हौदाकडं गेला तव्हा सलोत्रीनं माझे हात पुढं करायला सांगितले, औषधाच्या लाल पाण्यानं धुवायला. बांगड्या सरकल्या. त्यानं पाह्यलं. म्हणला, "ये क्या?"

"बाभळीचा काटा."

"काटे कू दाँत रहते क्या, बेटी?" त्यानं तेवढंच म्हणलं. खपलीवर लाल पाणी ओतलं, लई वेळ. मंग हळूच म्हणला, "दो दिन और देख. कुत्रा अच्छा रहा तो तू बी अच्छी. पर घर में बोल. आज बोल." मी मान हालवली, दादानं हालवली व्हती तशी.

बोलले नाय. नववी रेघ झाली, दहावी झाली. त्या दोन दिवसात मी पिशोऱ्यापासून हालले नाय. राघूंनी किती पेरू खाल्ले ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाय. पिशोऱ्या खात व्हता, पीत व्हता, तिसरी वहाण त्यानं मामाची खाल्ली. दहाव्या दिवशी मामा जाऊन डाक्टरला सांगून आला, आंघोळ केली, मायनं पुरण शिजवलं. मला कुणी इचारलं नाय पण मीबी दोन पोळ्या खाल्ल्या. मनातल्या मनात माझंबी ते जेवण व्हतं.

अकराव्या दिवशी मामा निघणार. पिशवी भरली, टोपी घातली, आन् पिशोऱ्याकडं बघत उभा ऱ्हायला. एक कान लोंबता, एक कान गायब. मामानं मान तिरपी केली. "आक्का," म्हणला, "हे असं बरं दिसत नाय. लोकं हसतील. मोटारीला टाइम हाय अजून. दुसराबी उडवून देतो. गोदे, धर."

आन् त्यानं वळचणीतून इळा काढला.

मला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. चेष्टा नव्हती. दहा दिवस रडला, कोळशानं भिंत रंगवली, कुत्र्याला राजा म्हणला, आन् परत दगडावर इळा घासतोय. मी पिशोऱ्याला उचललं, पदर नव्हता तर परकराच्या ओच्यात घातलं, आन् बांगड्या वर सारल्या कोपरापर्यंत.

"मलाबी चावलंय," मी म्हणले. "त्याच दिवशी. तुझ्या पाठोपाठ. मी दहा दिवस बोलले नाय. आता कापायचाच असंल तर आदी माझा काप, मंग त्याचा."

मामाचा हात दगडावर तसाच ऱ्हायला. चाक चालूच व्हतं, दादाला काही ऐकू गेलं नाय. माय चुलीपासून उठली. तिनं येऊन माझं मनगट धरलं, उजेडाकडं फिरवलं. दोन डाग. पांढरे पडलेले, नव्या कातडीचे. तिनं मला एक चापट मारली, अशी की कानात डबा वाजला. मंग मामाच्या हातातून इळा घेतला आन् इहिरीकडं चालली. मला वाटलं गवताला ठेवती. तिनं तो इहिरीत टाकला. नवा इळा, दोन महिन्यामागं पाजून आणलेला.

"आक्का, इळा!" मामा म्हणला.

"मोटार चुकंल तुझी," माय म्हणली.

तो गेला. पिशोऱ्या पुढं दहा वर्सं जगला, एका कानानं. तीन महिन्याचा झाला तव्हा मीच त्याला सलोत्रीकडं सुईला नेलं, पाटीत मावत नव्हता, दोरीनं. तिखट व्हता का? राघूंवर भुंकायचा. मामा आला की लपायचा.

पण त्या दिवशीचं ऱ्हायलं. मामा गेल्यावर माय आत गेली, फळीवरून साबणाची वडी काढली, दिवाळीसाठी ठेवलेली, कागदसुद्धा काढला नव्हता. मला पाटाच्या पाण्यापशी बसवलं. माझं मनगट पाण्यात धरलं आन् घासायला लागली. मी म्हणलं, माय, ते बरं झालंय, अकरा दिवस झाले, आता धुऊन काय व्हायचंय. ती खाली मान घालून घासत ऱ्हायली. साबणाचा फेस पाटातून वाहत पेरूच्या आळ्यात चालला व्हता, पिशोऱ्या त्याच्यामागं पळून तो चावत व्हता, आन् वडी अर्धी झाली तरी तिनं माझा हात सोडला नाय.